माझ्या वाट्याची उठबस

घास हातात धरून ताटावरून उठायची ही कुठली रीत?

"हौसा, एकदा बूड टेकव," मी म्हटलं. "तिसऱ्यांदा उठलीस. समोर अन्न आहे, जरा मान ठेव त्याचा."

"मीठ राहिलं हुतं अक्का," ती म्हणाली आणि भाकरीचा तुकडा तोंडात कोंबत आत गेलीसुद्धा. मीठ घेऊन आली, मांडी घालते न घालते तोवर मागं शेडकडं साळुंक्यांचा कलकलाट झाला. ही पुन्हा उभी. "हाऽऽड् हाऽऽड्" करत, एका हातानं पदर खोचत पार मागच्या दारापर्यंत पळाली. परत आली तेव्हा तिच्या ताटावर माशा बसलेल्या. त्या हाकलल्या आणि टोपलीतली चौथी भाकरी घेतली.

चौथी! वर वांग्याचं कालवण, वर ठेचा, आणि शेवटाला दूधभात.

माझ्या ताटात एक भाकरी होती. डॉक्टरांनी सांगितलेली, एकच. भात बंद, साखर बंद, आणि आयुष्य बेदाण्यात गेलेल्या बाईला बेदाणा बंद. एवढं करून मी अशी, की भिंतीला हात लावल्याशिवाय उठता यायचं नाही, आणि ही चार भाकऱ्या हाणणारी बया शेवग्याच्या शेंगेसारखी. अठ्ठावन्न वर्षांची होती तेव्हा. लग्नातली चोळी अजून तिच्या अंगाला येत होती. ती ती चोळी मुद्दाम मला दाखवायला घालते, असा माझा पक्का समज होता.

हौसा माझी धाकटी जाऊ. वीस वर्षांची असताना या घरात आली. लग्नाच्या नवव्या वर्षी तिचा नवरा गेला. पोटी काही नाही. तिच्या माहेरच्यांनी विचारलं, घेऊन जाऊ का, तर मीच म्हटलं, राहू दे, घरात हाताखाली माणूस लागतं. शब्द जसे होते तसे सांगते आहे.

आमचं गाव तासगावच्या अलीकडं तीन मैलांवर. घरची द्राक्षं, घरामागं बेदाण्याची शेड, एकावर एक दहा-दहा जाळ्यांची. द्राक्षं सुकून बेदाणा झाला की तो निवडायचा. पिवळा वेगळा, हिरवट वेगळा, काळा पडलेला बाजूला, देठाची काडी एकसुद्धा राहता कामा नये. ते काम सोप्यात पांढऱ्या चादरीवर बसून चालायचं. पुढं सहा-सात बायका आणि मधल्या चटईवर मी. माझ्यासमोरून गेल्याशिवाय एक क्रेट पेटीत भरला जायचा नाही. सौद्याला व्यापारी पेटी उघडून बघायचे नाहीत. "अनुसयाबाईंनी पास केलाय ना? मग झालं," म्हणायचे. तिसरीतून शाळा सुटलेल्या बाईच्या नावावर माल जायचा, ही काही लहान गोष्ट नव्हती.

सासूबाईंनी ती चटई मला दिली तेव्हा एक गोष्ट सांगितली होती. थोरली बसली की उठायचं नाही. निवडणारणीनं नजर हलवली की काळा दाणा निसटतो. लागेल ते धाकटीनं हातात आणून द्यायचं. ते मी अडतीस वर्षं पाळलं. "हौसा, पाणी." "हौसा, चाळण." "हौसा, हा क्रेट आत ठेव." "हौसा, उन्हाची तिरीप येतेय, पडदा ओढ." तिनं एकदाही ना म्हटलं नाही.

त्या फाल्गुनात माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. पिवळा आणि हिरवट यातला फरक मला दिसेना झाला. मी कुणाला बोलले नाही, बोटांनी ओळखत होते. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की साखर उतरल्याशिवाय हात लावणार नाही, आणि साखर तीनशेच्या घरात. आमचे तासगावचे डॉक्टर मगदूम म्हणाले, "आजी, दोनशेच्या आत आणा. दीड-दोन महिने देतो. खाणं तुम्ही कमी केलंयच. आता हालचाल वाढवा."

"रोज सकाळी मारुतीपर्यंत जाऊन येते की," मी म्हटलं.

"किती वेळ?"

"अर्धा तास."

"आणि मग?"

"मग काय? मग कामाला बसते."

ते हसले. मला वाटलं, कौतुकानं हसले.

माझी नात केतकी तेव्हा मिरजेला नर्सिंग शिकत होती. शनिवारी घरी आली ती दोन यंत्रं घेऊन. काडेपेटीएवढी. कमरेला अडकवायची, चाललं की आत टिक् व्हायचं आणि आकडा पुढं सरकायचा.

"आज्जी, एक तुला, एक धाकट्या आज्जीला," ती म्हणाली. "बघू कोण जास्त चालतं."

"मला कशाला गं बाई?" हौसा म्हणाली. "मी कुठं फिरायला जाती?"

"लाव की," मी म्हटलं. "बघू दे पोरीला." मनात म्हटलं, बरं झालं. ही चार भाकऱ्या खाऊन नुसती इकडून तिकडं मिरवते, ते एकदा आकड्यात दिसू दे.

आकडे मला वाचता येत होते. रोज संध्याकाळी दोन्ही यंत्रं बघून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहू लागले. पहिल्या दिवशी माझे आठ हजार दोनशे. हौसाचे दोनशे बारा. दुसऱ्या दिवशी माझे नऊ हजारांवर, हौसाचे तीनशेसुद्धा नाहीत. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! मुलाला, जयवंताला, मुद्दाम हाक मारून दाखवलं.

"बघ. तुझी काकू दिवसभर पळते पळते म्हणता ना? दोनशे बारा."

जयवंत चक्रावला. "आई, काकूचं यंत्र बिघडलं असंल."

"माझं बरं बिघडत नाही?"

आता खरं सांगते. हौसाचं यंत्र खुंटीला अडकवलेलं मी पाहिलं होतं. पाण्यात हात घालायचा, जाळ्या धुवायच्या, पोरीची वस्तू खराब व्हायला नको म्हणून ती सकाळीच काढून ठेवायची आणि संध्याकाळी मला दाखवायला लावून यायची. मी पाहिलं, आणि गप्प राहिले. जिंकणारा माणूस कशाला बोलेल?

माझ्या आकड्यात मात्र काही खोट आहे हे मला माहीत नव्हतं, देवाशपथ. दिवसभर कमरेला टिकटिक ऐकू यायची. मला वाटायचं, कष्टाच्या बाईचं अंग आहे, मोजणारच.

तीन आठवड्यांनी तो कॅलेंडरचा कागद फाडून, घडी घालून मी डॉक्टरांकडं नेला. केतकी बरोबर होती. डॉक्टर मगदूमांनी कागद बघितला, चष्मा काढून पुन्हा बघितला.

"आजी, हे रोज? नऊ हजार, दहा हजार?"

"खोटं लिहीन का मी?"

"शाबास," ते म्हणाले. मग रक्ताचा कागद उघडला आणि त्यांचं तोंड बदललं. "साखर दोनशे नव्वद. एवढं चालून, एवढं कमी खाऊन उतरत नसेल, तर मग गोळ्यांनी भागायचं नाही. पुढच्या तपासणीपासून रोज सुई घ्यावी लागेल. आणि डोळ्यांचं या वर्षी राहू द्या. पुढच्या हंगामाला बघू."

पुढच्या हंगामाला! तोवर मला दाणाच दिसला नसता. एस.टी.त मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. केतकी मधेच म्हणाली, "आज्जी, तू नक्की कुठं चालतेस गं एवढी?"

"घरात."

"घरात कुठं?"

मला राग आला. "उद्या रविवार आहे. बस माझ्याशेजारी आणि बघ."

ती बसली. सकाळी मारुतीपर्यंत माझ्याबरोबर आली, आल्यावर यंत्र बघितलं. अठराशे. मग मी चटईवर बसले. बायकांनी पहिला माल ओतला, मी चाळण घेतली आणि बारीक दाणा गाळायला लागले. अशी, कमरेतून डुलत, जशी अडतीस वर्षं करते तशी.

टिक् टिक् टिक् टिक्.

केतकीनं माझ्या कमरेकडं बघितलं. चाळणीकडं बघितलं. पुन्हा कमरेकडं. आणि ती कार्टी जी हसत सुटली, ती चादरीवर आडवी झाली. "आज्जी! अगं तू बसल्या बसल्या तासगावला जाऊन आलीस!"

बायका हसल्या. सगळ्या. तोंडाला पदर लावून का होईना, हसल्या. हौसा तेवढी हसली नाही. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तो खाली ठेवून म्हणाली, "चाळायला काय कमी कष्ट हाय का? हात भरून येत्यात." तिनं माझी बाजू घ्यावी, याचा मला त्या हसण्यापेक्षा जास्त राग आला.

केतकीनं मग खुंटीवरचं यंत्र काढलं आणि हौसाच्या कमरेला नाडीनं गाठ मारून बांधलं. "धाकट्या आज्जी, आज काढायचं नाही. भिजलं तर भिजू दे."

संध्याकाळी सोडलं तेव्हा आकडा होता सोळा हजार चारशे. जी बाई आयुष्यात कधी फिरायला गेली नाही, तिचा.

"हे कसं?" मी विचारलं.

"अगं, व्यायाम म्हणून आपण जे करतो ना, ते दिवसातलं थोडंसंच असतं," केतकी म्हणाली. "उरलेल्या पंधरा तासांत तू काय करतेस, त्यावर पुष्कळ असतं. उठणं, वाकणं, उभं राहणं, दोन पावलं जाऊन येणं, सगळ्याला शरीर जळण घालतं. तू सकाळी अर्धा तास जाळ करतेस आणि मग चूल विझवून टाकतेस. धाकट्या आज्जीची चूल दिवसभर मंद चालू असते. म्हणून तिला चार भाकऱ्या लागतात. आणि म्हणून त्या अंगाला चिकटत नाहीत."

म्हणजे औषध नाही, काढा नाही, माहेरचा मंतरलेला धागा नाही. एवढी वर्षं मला वाटायचं, ही चोरून काहीतरी खाते. नुसती हलते म्हणून बारीक! त्या रात्री माझा डोळा लागला नाही. माझ्याच घरात, माझ्याच अन्नावर, ही बाई माझ्यापेक्षा श्रीमंत झाली होती आणि मला पत्ता नव्हता.

सोमवारी केतकी मिरजेला गेली. मी चटईवर बसले आणि ठरवलं की ही सोळा हजार पावलं येतात कुठून ते बघायचंच. टाकून दिलेल्या काळ्या दाण्यांचा ढीग शेजारी होता. हौसा उठली, की एक काळा दाणा उजवीकडं. माझ्या हाकेवरून उठली, तर डावीकडं.

"हौसा, पाणी." डावीकडं.

"हौसा, माझा चष्मा." डावीकडं.

"हौसा, तो नको, दुसरा." डावीकडं.

पाखरं हाकलायला स्वतःहून गेली. उजवीकडं.

दुपारचे तीन वाजले तेव्हा उजवीकडं सतरा दाणे होते. डावीकडं मोजायला बोटं पुरेनात. दहा-दहाच्या ढिगल्या केल्या. सहा ढिगल्या आणि वर तीन.

मी त्या दाण्यांकडं बघत बसले. बायकांना वाटलं, अक्कांना डुलकी लागली.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बाकीच्या कामांना ती जायची आणि यायची. पण "हा क्रेट आत ठेव" म्हटलं की परत यायला तिला फार वेळ लागायचा. क्रेट ठेवायला एवढा वेळ कशाला? मग मी भिंतीला हात लावला आणि उठले. भर कामात थोरली उठलेली बघून बायकांच्या माना वर झाल्या.

आतल्या खोलीत, खिडकीच्या उजेडाला, हौसा उभी होती. मी पास केलेला क्रेट तिच्यासमोर पोत्यांच्या थप्पीवर ठेवलेला. बोटं अशी चालली होती, माझीही तरुणपणी तशी चालली नसतील. टिपायची आणि ओटीत टाकायची. ओटीत ओंजळभर काळे दाणे.

"काय करतेस?"

ती दचकली. दोन दाणे खाली पडले, ते उचलायला वाकली, आणि वाकूनच राहिली.

"माझ्यामागं माझाच माल निवडतेस?"

"अक्का..."

"कधीपासून?"

"गेल्या हंगामापासनं."

"म्हणजे हे सगळे मी सोडलेले?"

तिनं ते दोन दाणे उचलून ओटीत टाकले.

"बोल की! तोंडात काय भाकरी आहे का?"

"तुमच्या डोळ्याला तरास व्हायला लागला तवापासनं," ती म्हणाली. "पेटीवर तुमचं नाव जातंय. सौद्यात कुणी नाव ठेवलं असतं तर तुम्हाला सोसलं नसतं."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला घरात ठिवली असती?"

"नसतीच ठेवली. आताही ठेवायची का, बघते."

मी परत येऊन चटईवर बसले. माझं अंग तिनं घेतलं, आणि आता माझी नजरही घेतली, असं मला वाटत होतं. वर्षभर व्यापारी ज्या मालाला अनुसयाबाईंचा माल म्हणत होते, तो हिचा होता.

त्या दिवसापासून मी तिला हाक मारायची बंद केली. मला शहाणपण सुचलं असं कुणी समजू नये. मी ठरवलं होतं, माझ्या तोंडून तिला एक पाऊलसुद्धा मिळू द्यायचं नाही. पाणी मी उठून घेईन. चष्मा मी आणीन. क्रेट मी ठेवीन, आणि तिथं उभी राहून स्वतः पुन्हा बघेन.

पहिले आठ दिवस गुडघ्यांनी मला शिव्या दिल्या. नवव्या दिवशी शेडपर्यंत जाऊन पाखरं हाकलून आले. हौसा मागून धावत आली.

"अक्का, मी हाय की!"

"असशील. मीही आहे."

मग आमची जी जुंपली! नळाला पाणी आलं की दोघी एकदम उठायच्या. बादलीची कडी एका बाजूनं तिनं धरायची, दुसऱ्या बाजूनं मी.

"सोडा अक्का, लचक भरंल!"

"भरू दे. सोड तू."

"लोक काय म्हंतील? थोरल्या जावंला पाणी भराय लावती म्हंतील!"

"म्हणू देत. सोड म्हणते ना!"

अर्धी बादली तिच्या अंगावर, अर्धी माझ्या. जयवंत दारात उभा राहून बघायचा आणि आत जायचा. धुणं वाळत घालायला मी जिना चढायचे, ती माझ्याआधी वर जाऊन दोरी अडवून उभी. भाजी निवडायला मी घेतली, तर ती विळी लपवून ठेवायची. एकदा मी झाडू मोरीमागं दडवला, तर तिनं शेजारणीचा मागून आणला. मी मुद्दाम तिच्या आधी पहाटे उठायला लागले. झोपेतून उठून ती बाहेर यायची आणि अंगण झाडलेलं बघून तशीच उभी राहायची, रिकाम्या हातांनी.

ते रिकामे हात बघून मला बरं वाटायचं. सांगायला लाज वाटते, पण वाटायचं.

दीड महिना असा गेला. परकराची नाडी चार बोटं आत आली. डॉक्टरांकडं या वेळी कागदबिगद काही नेला नाही. रक्त दिलं, बसून राहिले. मगदूमांनी आकडा बघितला.

"एकशे अडुसष्ट! आजी, या वेळी किती पावलं?"

"मोजली नाहीत," मी म्हटलं. "भांडत होते."

सुई टळली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढच्या गुरुवारची तारीख दिली. आधी एक डोळा, मग दुसरा. महिनाभर धूळ नाही, बारीक काम नाही.

त्या संध्याकाळी सोप्यात जयवंतानं विचारलं, "आई, महिनाभर माल कोण पास करणार? शेवटचा निम्मा माल अजून राहिलाय."

हौसा आत कणीक मळत होती. तिचे हात थांबल्याचं मला ऐकू आलं.

सगळ्यांना ठाऊक होतं, या कामाला घरात एकच माणूस आहे. मला तर सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. ओठावर नाव आलंही होतं. पण त्या चटईवर तिला बसलेली डोळ्यांसमोर आणली आणि मी म्हणाले, "तासगावातनं एखादी बाई बघ. रोजानं."

आतून कणीक मळल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

सकाळी मी अंगण झाडून आत आले, तर हौसा सोप्यात उभी. ठेवणीतलं लुगडं नेसलेली. हातात कापडी पिशवी.

"कुठं निघालीस?"

"कवठ्याला. भावाकडं."

"कशाला? काय कार्य आहे?"

"कार्य न्हाई." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तिचे डोळेही कोरडे होते. "अक्का, ह्या घरात बसायची जागा मला कवाच नव्हती. मी मागितली पण न्हाई. माझी हुती ती उठबस. तुम्ही हाक मारायचा, मी उठायची. नवरा गेला, पोर न्हाई, तरी सकाळ झाली की मला कळायचं, आपण हितं कशाला हाय. आता तुम्ही पाणी भरता, अंगण झाडता, धुणं घालता. आन् निवडायला तासगावची बाई येणार. मग मी हितं काय करू? तुमच्याकडं बघत बसू?"

मी काय काय हिसकावून घेत होते, आणि त्याशिवाय तिचं असं दुसरं काहीच नव्हतं, हे मला तिच्या तोंडून ऐकावं लागलं.

मागं बायका यायला लागल्या होत्या. चादर अंथरली होती. मधली चटई रिकामी होती.

मी तिच्या हातातली पिशवी ओढली. ती सोडेना. बादलीसारखीच ओढाओढ झाली, पण या वेळी मी जिंकले. पिशवी कोनाड्यात टाकली, तिच्या दंडाला धरलं आणि तिला चटईवर बसवलं. तिला तिथं बसताच येईना. उकिडवी, काठावर, एक तळवा जमिनीला टेकवून, कुणी हाक मारली की उठायच्या तयारीत. बायका बघत होत्या. जयवंत दारात आला होता. बघू देत, म्हटलं. सगळ्यांसमोरच बोलायचं होतं मला.

"तू चांगली बाई नाहीस, हौसा," मी म्हणाले. "चांगली असतीस तर पहिल्याच वर्षी म्हणाली असतीस, अक्का, तांब्या हाताच्या अंतरावर आहे, उठा आणि घ्या. तू एकदाही म्हणाली नाहीस. मी हाका मारत गेले आणि तू पळत गेलीस. माझ्या वाट्याची अडतीस वर्षांची उठबस तू एकटीनं खाल्लीस, आणि मी इथं बसून तुझ्या अंगाचा हेवा करत राहिले. वर माझ्या नावाचा माल निवडून मला आंधळीची आंधळी ठेवलीस. याची शिक्षा ऐक. कवठ्याला जायचं नाही. आजपासून ही चटई तुझी, माझी पट्टी सुटल्यावरसुद्धा तुझीच. मांडी घालून बस नीट. आणि तहान लागली की मला हाक मारायची, चांगली मोठ्यानं. पाणी मी आणून देईन."